खुंटीवरचा फोन

गेल्या दिवाळीत पाडव्याला मी उमापूरला आत्याकडे गेलो. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, आषाढात वारले. त्यानंतरची ही पहिली दिवाळी. घरात तळण नाही, दारात आकाशकंदील नाही.

गेवराईला एस. टी. बदलली. बीड जिल्ह्याचा हा भाग काळ्या रानाचा, कपाशीचा. वेचणी चालू होती. याच तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवन आहे. १७६३ साली माधवराव पेशव्यांनी तेथे निजामाचा पराभव केला. हे रान मी पाहिले ते परत येताना. जाताना माझी मान खाली आणि अंगठा चालू! शेजारच्या बाईंनी “पाव्हनं, उमापूर आलं की” म्हणून हलवले नसते, तर गाडीने मला कोठे नेऊन सोडले असते, देव जाणे.

आत्याचा फोन बटणांचा. तो कापडी पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला टांगलेला असतो. मी हसलो तशी ती म्हणाली, “वाजला की ऐकू येतो. दिवसभर हातात कशाला धरायचा?”

माझे हसू मावळले. मामा गेले त्या रात्री तिने मला तीनदा फोन केला होता. मामा माझी आठवण काढीत होते. मी जागा होतो, फोन हातातच होता. कुणा अनोळखी माणसाच्या लग्नातला नाच पाहत होतो. आत्याचे नाव उमटले, ते मी बोटाने बाजूला सारले. पहाटे मामा गेले. ‘झोप लागली होती,’ असे मी पुढे सर्वांना सांगितले.

दुसऱ्या दिवशी, भाऊबीज उरकून, शेजारचे जोडपे ऊसतोडीला निघाले. ट्रॅक्टरवर भांडी, सरपण, गोधड्या. म्हातारी आणि दोन नातवंडे मागे राहणार. मुलगा आईला बजावत होता, “रोज आठाला फोन करीन. तवर पोरांच्या हाती देऊ नगं, बॅटरी उतरती.”

तोच मला म्हणाला, “सांगलीकडं एका गावात सांच्याला भोंगा वाजतो. वाजला की टी. व्ही. बंद, फोन बंद.” गोष्ट खरी आहे. कडेगाव तालुक्यातले मोहित्यांचे वडगाव ते. करोनाच्या दिवसांत शाळा फोनवर भरली आणि मुलांच्या हातून फोन सुटेना. म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने ठराव केला : सायंकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायचा आणि पुढचा दीड तास अभ्यासाचा. आशा आणि अंगणवाडीच्या सेविका घरोघर सांगत हिंडल्या.

आमच्या इमारतीत असा भोंगा लावला तर त्याचे चित्रण करायला आधी सगळे फोन बाहेर निघतील! मी मग ओट्यावर बसून माझ्यापुरती व्यवस्था केली. चित्रफितींचे खाते काढून टाकले, गटांची टुणटुण बंद केली. घरच्या नऊ माणसांचा फोन तेवढा रात्रीही वाजावा असे केले.

आत्या वाती वळत होती.

“आत्या, त्या रात्री मी झोपलो नव्हतो.”

तिने मान वर केली नाही. “ठावं हाय. झोपलेल्या माणसाची घंटी पुरी वाजती. तुझी तिन्ही डाव मधीच तुटली.”

मला काही बोलता येईना. तिने वातींचे ताट माझ्याकडे सरकवले. मीही एक वाकडीतिकडी वात वळली.

शेजारी फोन वाजला. आठ झाले होते. भिंतीपलीकडून दोन्ही पोरे एकदम ओरडली, “आई, कुठवर गेलीस?”