गावात शिरायचं तिकीट

चीनच्या हुनान प्रांतातल्या फेंगह्वांगला जाऊन आलो. तुओ नदीच्या काठाला लाकडी खांबांवर उभी जुनी घरं, खाली दगडावर धुणं बडवणाऱ्या बायका. सकाळभर गल्ल्या फुकट फिरलो.

पण मित्रांनो, हे फुकट फिरणं सहज मिळालेलं नाही. एप्रिल २०१३ मध्ये प्रशासनानं जुन्या गावात शिरायलाच १४८ युआनचं तिकीट लावलं. तेव्हाचे साधारण १३०० रुपये! धंदा बुडणार म्हणून दुकानदारांनी शटर ओढली, लोक रस्त्यावर उतरले. चीनमध्ये, बरं का! तरी ते तिकीट हटायला एप्रिल २०१६ उजाडलं.

लेखक शेन त्सोंगवन यांचं घर बघायला तिकीट लावा, हरकत नाही. पण माणसं राहतात त्या गल्लीला तिकीट कसलं? पटतंय का?