गोल तोरण

'पुष्पचक्र' हा शब्द वाचला की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? माझ्या तरी शोकच येतो. २६ जानेवारीला सकाळी दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर पंतप्रधान पुष्पचक्र वाहतात. गावात एखाद्या जवानाचं पार्थिव आलं की अधिकारी मंडळी वाहतात. त्यामुळे नाताळात दारावर लावतात त्या हिरव्या कड्याला, म्हणजे इंग्रजीतल्या 'रीथ'ला, पुष्पचक्र म्हणायला माझी जीभ धजत नाही. शब्दकोशात ते बरोबर असेल, दारात बरोबर वाटत नाही. गंमत म्हणजे इंग्रजीतही कबरीवरच्या आणि दारावरच्या कड्याला शब्द एकच आहे.

हे सगळं सुचलं ते आमच्या इमारतीतल्या मुलांमुळे. गेल्या नोव्हेंबरात, २०२५ साली, पाच-सहा जण मोबाइलवर काहीतरी बघून माझ्याकडे आले. "आजी, आपण रीथ करू या." बाजारात प्लास्टिकचं तयार मिळतं, पण त्यांना हातानेच करायचं होतं. शाळा सुटून मला बरीच वर्षं झाली, तरी मुलं 'करू या' म्हणाली की मला नाही म्हणता येत नाही. एकाच्या आईने जिन्यात हळूच विचारलं, "हे आपल्यात नसतं ना?" मी म्हटलं, "अहो, दिवाळीची चांदणी आपण गॅलरीतून उतरवतो आणि तशीच चांदणी नाताळात त्यांच्या दारात चढते. कागद तोच, दिवा तोच." त्यावर त्या हसल्या आणि मुलाला पाठवून दिलं.

करण्याआधी मुलांना मी एक गोष्ट सांगितली, कारण ती शिक्षकाचीच गोष्ट आहे. जर्मनीत हाम्बुर्गला योहान हिनरिख विचर्न नावाचे एक धर्मोपदेशक होते. त्यांनी १८३३ साली निराधार मुलांसाठी एक घर काढलं. डिसेंबर लागला की मुलं रोज विचारायची, नाताळ कधी, नाताळ कधी. विचर्न यांनी १८३९ साली एक जुनं गाडीचं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या. रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या, बाकीच्या दिवसांच्या लहान लाल. रोज एक पेटवायची. मुलांना वाट पाहायला शिकवायचं आणि त्यात मोजणीही शिकवून घ्यायची! चाकावर हिरव्या फांद्या आल्या त्या नंतर. आज चर्चमध्ये आणि घरोघरी चारच मेणबत्त्या ठेवतात, नाताळआधीच्या चार रविवारांच्या. या दिवसांना मराठी ख्रिस्ती लोक 'आगमनकाळ' म्हणतात. मला हा शब्द फार आवडला.

आता सामान. चित्रात असतात ती देवदार आणि हॉलीची पानं छत्रपती संभाजीनगरात कुठून आणायची? मी म्हटलं, आपल्याकडे जे आहे तेच घ्यायचं. कुणीतरी अंगणातली मधुमालती छाटली होती, तिच्या लांब ओल्या वेली आणल्या. वेलीचे चार-पाच वेढे गोल द्यायचे, टोक आतच खोचायचं, मग दुसरी वेल त्याभोवती पिळत न्यायची. गाठ लागत नाही. दोन दिवस सावलीत पाटाखाली दाबून ठेवलं की कडं सपाट राहतं. सुरूच्या आणि अशोकाच्या डहाळ्यांच्या लहान जुड्या सुतळीने बांधायच्या, सगळ्या एकाच दिशेने. प्रत्येक जुडीने मागच्या जुडीचे देठ झाकायचे. शेवटची जुडी मात्र पहिलीच्या पानांखाली सरकवायची, म्हणजे सुरुवात कुठे केली ते कळत नाही. गजरा गुंफता येणाऱ्या मुलीला हे लगेच जमलं. बाकीच्यांच्या जुड्या दोनदा सुटल्या.

सजावटीला मक्याच्या कणसाची वाळकी सालं घेतली. पाण्यात भिजवली की ती कापडासारखी मऊ होतात आणि त्यांची फुलं वळता येतात. एका मुलाचे मामा सिल्लोडकडे शेती करतात. त्यांनी कापूस वेचून झालेली रिकामी बोंडं पाठवली. उमललेलं बोंड उलटं धरलं तर चक्क चांदणी दिसते. पण त्याची टोकं फार टोचतात. एक मुलगी बोट चोखत म्हणाली, "आजी, कापूस वेचणाऱ्या बायका हे दिवसभर कसं करतात?" पुस्तकातला कपाशीचा धडा मी अनेकदा शिकवला, पण हा प्रश्न वर्गात कधी आला नव्हता. लाल रंगासाठी एकाने गुंजा आणल्या होत्या. त्या मी काढून घेतल्या, कारण गुंजेचं बी विषारी असतं. त्याऐवजी बोगनवेल लावली.

दोन कडी झाली. एक आमच्या जिन्यात लावायचं ठरलं. दुसरं, जास्त चांगलं जमलेलं, सिस्टरांना द्यायचं असं मुलांनी परस्परच ठरवून टाकलं, कारण नाताळ त्यांचा. सिस्टर म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या निवृत्त परिचारिका. सगळी इमारत त्यांना याच नावाने हाक मारते. मुलांच्या लक्षात नव्हतं, पण आम्हा मोठ्यांच्या होतं. ऑगस्टमध्ये त्यांचे यजमान गेले होते. वर्षभर घरात फराळ नाही, दारात चांदणी नाही, असं त्यांच्या घरच्यांनीही ठरवलं होतं. अशा दारात कडं न्यायचं तरी कसं? आणि मुलांना 'नको' म्हणताना कारण काय सांगायचं?

शेवटी मी एकटीच खाली गेले आणि सरळ विचारलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बाई, ह्यांच्यावर झेंडूची चक्रं वाहिली होती. दुसऱ्या दिवशी गेले तर काळी पडलेली. मुलांना म्हणावं, झेंडू नको. नुसतं हिरवं असेल तर आणा." मी म्हटलं, "झेंडू नाहीच लावलेला." तर म्हणाल्या, "मग दारावर नको, टेबलावर ठेवू."

३० नोव्हेंबरला, पहिल्या रविवारी संध्याकाळी, ते कडं त्यांच्या पितळी ताटात ठेवलं आणि मध्ये चार मेणबत्त्या उभ्या केल्या. कॅथलिक रिवाजात तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी असते, असं त्यांनीच सांगितलं. मग काय, एका मुलाने वाढदिवसाची गुलाबी मेणबत्ती आणली, ती बोटाएवढीच होती. दर रविवारी एक मेणबत्ती वाढायची आणि सिस्टर गुणगुणायच्या. मुलांना ते अभंगच वाटले. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) मराठी चर्चमध्ये भजन-कीर्तन रुजवलं ते याच चालींवर. आम्ही बी.ए.ला टिळकांची ओळख करून घेतली ती लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मधून. इथे ते कानांवर पडत होते.

चौथ्या रविवारी, २१ डिसेंबरला, चारही मेणबत्त्या पेटल्या. त्या दिवशी सिस्टर यजमानांबद्दल पहिल्यांदा मुलांशी बोलल्या. ते सायकल कशी चालवायचे, शंकरपाळे खाताना कसे पकडले जायचे, असलं काहीबाही. मुलं खूप हसली, आणि त्याही हसल्या.

जानेवारीत पानं झडली. मुलं कडं कचऱ्यात टाकायला निघाली, तेव्हा सिस्टरांनी ते मागून घेतलं. सुतळ्या सोडवल्या, वेलीचं नुसतं कडं झटकलं आणि माझ्या हातात दिलं.

"गच्चीत खिळ्याला अडकवून ठेवा, बाई," म्हणाल्या. "पुढच्या वर्षी झेंडू लावू."