विचारले तेवढेच

यंत्राला प्रश्न विचारणे ही फार सोपी गोष्ट आहे, असे आमचे बरीच वर्षे मत होते. ते कसे बदलले, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमच्या मंडळाच्या वाचनालयाच्या नोंदी पूर्वी जाड पुठ्ठ्याच्या वह्यांत असत. १९५६ साली राज्यपुनर्रचना होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला, नोकरीपेशातली कितीतरी कुटुंबे तिकडे निघून गेली आणि आपण येथेच राहिलो. खोडलेली नावे, बदललेले पत्ते, तांबड्या शाईच्या रेघा यांच्या रूपाने या येण्याजाण्याचा सारा हिशेब त्या वह्यांत होता. पुढे तो संगणकात चढविण्याचे काम आमच्या गळ्यात पडले. त्यासाठी मायक्रोसॉफ्टची ‘ॲक्सेस’ ही प्रणाली घेतली. ती १९९२ साली बाजारात आली, आणि त्या कंपनीचे विकासकेंद्र १९९८ साली आपल्याच हैदराबादेत निघाले. तेव्हा तिला अगदीच परकी तरी कसे म्हणावे!

या प्रणालीत सारी माहिती तक्त्यांत ठेवतात. आम्ही सभासदांचा एक तक्ता केला आणि पुस्तकांच्या देवघेवीचा दुसरा. सभासद क्रमांक हा दोहोंतला समान रकाना. एकाचा पत्ता एकदाच लिहायचा आणि हवा तेव्हा क्रमांकाच्या दुव्याने दुसऱ्या तक्त्याशी जोडायचा. एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० साली मांडलेल्या विचारावर ही रचना उभी आहे. माहिती कोठे, कशी ठेवली आहे याची चिंता आपण करायची नाही. काय हवे ते नेमके सांगायचे. या सांगण्याला म्हणायचे पृच्छा. गंमत अशी, की प्रणाली पृच्छेचे उत्तर जपून ठेवीत नाही, प्रश्न जपून ठेवते. पुन्हा उघडावा, तर त्या दिवशीच्या नोंदींतून ताजे उत्तर हजर!

एका वर्षी गुढीपाडव्याच्या संमेलनात पंचाहत्तरी ओलांडलेल्या सभासदांचा सत्कार करावयाचे ठरले. प्रत्येकाने वाचनालयातून शेवटचे नेलेले पुस्तक पाहून त्याच्या आवडीचे एखादे पुस्तक भेट द्यावे, अशी आमची हौस. दोन्ही तक्ते पडद्यावर घेतले, क्रमांक क्रमांकाला रेघेने जोडला, वयाची अट घातली. क्षणार्धात अठ्ठेचाळीस नावांची सुबक यादी छापून निघाली. शाबासकी मिळाली आणि आम्ही ती घेतलीही.

संमेलन झाल्यावर चार दिवसांनी काचीगुड्याच्या एक काकू वाचनालयात आल्या, नातवाचा हात धरून. दरवर्षीप्रमाणे वर्गणी भरली, पावती चाचपून पिशवीत ठेवली आणि मग हळूच विचारले, “आमचं नाव कमी केलंत का हो?”

आम्ही घाईघाईने सभासदांचा तक्ता उघडला. नाव होते, जन्मतारीख होती, वर्गणीही चुकलेली नव्हती. मग यादीत का नव्हते?

उत्तर त्या दोन तक्त्यांमधल्या रेघेत होते. आपण काही वेगळे सांगितले नाही, तर ती रेघ दोन्ही तक्त्यांत जुळणाऱ्या नोंदीच तेवढ्या आणते. आमच्या देवघेवीच्या नोंदी संगणक आल्यापासूनच्या. काकूंची दृष्टी त्याआधीच मंदावलेली. त्यानंतर त्यांनी एकही पुस्तक नेले नव्हते. दुसऱ्या तक्त्यात त्यांना जोडीदार सापडेना, म्हणून पहिल्यातूनही त्या गळल्या. यंत्राने चूक केली नव्हती. आम्ही नकळत विचारले होते, “पुस्तक नेणारे वृद्ध कोण?” आणि तेवढेच त्याने सांगितले.

त्या रेघेवर दोनदा टिचकी मारली की तीन पर्याय समोर येतात. ‘सभासदांच्या सर्व नोंदी, आणि देवघेवीतल्या जुळतील तेवढ्याच’ हा पर्याय निवडला. रेघेला बाण फुटला आणि यादी सत्तावन्नांची झाली. नऊ माणसे! वाचता येईनासे झाले तरी वर्गणी न चुकविणारी.

मग आम्ही आमच्या जुन्या पृच्छा एकेक करून तपासल्या. ‘काचीगुड्याबाहेरचे सभासद’ मागितले होते, त्यात पत्त्याचा रकाना रिकामा असलेले कोणीच नव्हते. आम्ही रिकामा रकाना म्हणजे ‘काचीगुडा नव्हे’ असे समजत होतो; यंत्राच्या लेखी तो ‘ठाऊक नाही’ असतो, आणि ठाऊक नसलेल्याबद्दल ते हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. असे लोक हवे असतील तर ‘रिकामे असल्यास’ ही अट निराळी घालावी लागते. शिवाय एकाच मोहल्ल्याचे नाव वहीत तिघांनी तीन तऱ्हांनी लिहिलेले. यंत्राच्या दृष्टीने ते तीन मोहल्ले!

तेव्हापासून एक नियम पाळतो. यादी हाती आली की आधी मोजावी: मूळ तक्त्यात अट पुरी करणारे किती, आणि उत्तरात किती? फरक दिसला तर गळले कोण, हे पाहावे. वाचकहो, आपल्या मंडळाची यादी कोणी अशी करीत असेल, तर त्याला एवढे अवश्य सांगा.

त्या नऊही जणांच्या घरी आम्ही जाऊन आलो. नव्या यादीत त्यांच्या नावापुढचा ‘शेवटचे पुस्तक’ हा रकाना अर्थातच रिकामा होता, म्हणून काकूंना विचारले, “आपल्याला कोणते पुस्तक आणू?”

काकू म्हणाल्या, “पुस्तक कोणतंही चालेल हो. वाचून दाखवायला कोणी येईल का, ते बघा.”

असा रकाना आम्ही तक्त्यात केलाच नव्हता. त्या रात्री केला.