आज्जीच्या ओवीपाशी

सास्तूरच्या परिसरातले आमचे आजोळ 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे जमीनदोस्त झाले. गणेश विसर्जनाची रात्र सरत आली होती. 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला आणि दगडमातीच्या रुंद भिंती व वरचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. आज्जी त्यातच गेली. तिचे एकही छायाचित्र ढिगाऱ्यातून हाती लागले नाही. वाचली ती केवळ एक व्हिडिओ कॅसेट. 1992 च्या मे महिन्यात मावशीचे लग्न झाले, त्या वेळी मामांनी सोलापूरहून कॅमेरा आणवला होता. कॅसेट त्यांच्याकडे सोलापुरात राहिली, म्हणून ती उरली.

2006 साली ती माझ्याकडे आली. आईच्या घरातला व्हीसीआर केव्हाच मोडीत निघाला होता; होता तो एक साधा डीव्हीडी प्लेअर. कॅसेटची डीव्हीडी करून नाताळात आईला द्यायची, असे मी ठरवले. त्या कॅसेटमध्ये हळद दळण्याचा प्रसंग होता. ओसरीच्या अंधारात आज्जी जात्यावर बसली आहे आणि ओवी म्हणते आहे. आईला तेवढेच पाहायचे होते.

आज्जीच्या बाबतीत काटकसर नको, अशी माझी भावना होती. प्रत्येक सेकंदाच्या चित्रासाठी जितकी माहिती खर्च करायची, त्या मापाला बिटरेट म्हणतात. तो जितका अधिक तितके चित्र चांगले, एवढेच मला ठाऊक होते. हळदीच्या 50 मिनिटांसाठी मी चित्राला सेकंदाला 9 मेगाबिट दिले आणि ओवीतला एक स्वरही हरवू नये म्हणून आवाज न आकुंचता ठेवला. त्या आवाजालाच दीड मेगाबिटहून अधिक लागतात. प्रोग्रॅमने चकती करण्यास साफ नकार दिला. डीव्हीडीच्या नियमाप्रमाणे एकट्या चित्राला 9.8 मेगाबिटपर्यंत मुभा आहे, पण चित्र, आवाज आणि इतर सर्व मिळून बेरीज 10.08 च्या वर जाता कामा नये. माझी बेरीज साडेदहाला पोहोचली होती.

मी चित्र साडेआठवर आणले. बेरीज जेमतेम नियमात बसली. भारनियमनाचे दिवस होते. दोन रात्री संगणकाचे काम अर्ध्यावरच बंद पडले, तिसऱ्या रात्री चकती तयार झाली. माझ्या संगणकावर ती सुरेख चालली. नाताळाच्या ख्रिस्तयागानंतर आईच्या घरी सारे जमले. मांडव दिसला, मामा दिसले, आणि आज्जी जात्याचा खुंटा धरते न धरते तोच चित्र गोठले. पुन्हा लावले, पुन्हा तिथेच. आई म्हणाली, "राहू दे रे बाळा, तिच्या नशिबी तेवढंच असंल." तिने प्लेअरवर पुन्हा रुमाल घातला. ते वाक्य मला फार लागले.

चकती नेमकी आज्जीपाशीच का अडावी? उत्तर शोधायला मला काही दिवस लागले. अंधारात घेतलेल्या चित्रात कॅसेटवर बारीक दाणे थरथरत असतात. एमपेग-2 पद्धतीत आधीच्या चित्रापेक्षा जे बदलले तेवढेच प्रामुख्याने नोंदवले जाते. स्थिर भिंतीला फारसे काही लागत नाही. परंतु दाणे तर प्रत्येक चित्रात नव्याने उमटतात. यंत्राला आज्जीचा चेहरा कोणता आणि मळ कोणता हे कळत नाही. ते त्या मळावरच सारा खर्च करते. म्हणून अंधाऱ्या ओसरीत बिटरेट मर्यादेच्या काठाला जाऊन भिडत होता. त्यात घरी लिहिलेली चकती कारखान्यात छापलेल्या चकतीपेक्षा वाचायला अवघड, आणि आईचा प्लेअर जुना. त्याला तेवढा वेग झेपत नव्हता.

मग मी सारे नव्याने केले. आधी ते दाणे हलक्या हाताने पुसले. अधिक पुसले असते तर चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही गेल्या असत्या. आवाज आकुंचून 224 किलोबिटवर आणला. चित्राची रुंदी 720 ऐवजी 352 बिंदू ठेवली. डीव्हीडीला ती चालते, आणि कॅसेटमध्ये त्याहून फारसे बारकावे नव्हतेच. सरासरी 4 मेगाबिट ठेवली आणि कमाल मर्यादा 6 वर बांधली. आता 50 मिनिटेच काय, 2 तास 5 मिनिटांचे सारे लग्न 4.7 अब्ज बाइटांच्या एकाच चकतीत मावले.

तीन राजांच्या सणाच्या दिवशी ती चकती लावली. आज्जीने खुंटा धरला, जाते फिरले, ओवी सुरू झाली आणि शेवटपर्यंत ऐकू आली. आई काहीच बोलली नाही. ओवी संपल्यावर तिने हलकेच विचारले, "परत लावशील?"

त्या रात्री मला संत पौलाची आठवण झाली. करिंथकरांना जड अन्न पेलणारे नव्हते, म्हणून त्याने त्यांना दूध दिले, असे तो आपल्या पहिल्या पत्रात सांगतो. मी मात्र माझ्या संगणकाला काय देता येते तेच पाहत राहिलो होतो. आईच्या प्लेअरला काय घेता येते हे मी विचारलेच नव्हते. मुलांना उपदेश करताना आणि आजाऱ्याचे सांत्वन करतानाही माझी हीच चूक होत आली आहे.

आज आई नाही. चकत्याही कायम टिकत नाहीत. म्हणून त्या चित्रफितीच्या दोन प्रती वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर आहेत, आणि मूळ कॅसेट कोरड्या जागी उभी ठेवली आहे. आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात लग्नाच्या, प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराच्या अशा कॅसेट असतील. चालता व्हीसीआर मिळतो आहे तोवर त्या उतरवून घ्याव्यात. आणि ज्यांच्यासाठी उतरवायच्या, त्यांच्या घरचे यंत्र आधी पाहून यावे.