दवाखान्याच्या दारातली धर्मशाळा

हिरकणीवाडी, ता. महाड, जि. रायगड

चि. निखिल,

धर्मशाळा पूर्वी तीर्थाच्या गावी असायची. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक. यात्रेकरू पायी यायचा, त्याला रात्रीपुरती पथारी, पाणी आणि तीन दगडांची चूल मांडण्याएवढी जागा लागायची. ती बांधून देणाऱ्याच्या पदरी पुण्य पडायचे. गाडगेबाबांनी ही धर्मशाळा दवाखान्याच्या दारात आणून ठेवली. जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठीची त्यांची धर्मशाळा १९५४ सालची. दादरची धर्मशाळा त्यांच्याच नावाने चालते आणि तिथे टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कॅन्सरचे रुग्ण उतरतात. महाड-पोलादपूरकडची माणसे ‘दादरला गाडगे महाराजांकडे उतरलोय’ असे म्हणतात, ते हिच्याविषयी.

परळचे टाटा रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. कॅन्सरच्या बऱ्याच रुग्णांना खाट मिळत नाही, कारण वैद्यकीयदृष्ट्या ती लागतच नाही. रेडिएशनचा एक डोस काही मिनिटांत आटोपतो, पण तो आठवड्यातून पाच दिवस, कित्येकदा पाच-सहा आठवडे घ्यावा लागतो. केमोत तर महिने जातात. हिरकणीवाडीहून महाडला यायचे, तिथून एसटीने मुंबई गाठायची, हे रोज होणे नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातल्या गावांच्या गावकीच्या खोल्या होत्या, पण त्या एकट्या चाकरमान्यांच्या. पाळीपाळीने झोपायच्या त्या जागेत आजारी बाईमाणसाला कुठे ठेवणार? लॉज परवडत नाही, नातेवाइकाच्या दहा बाय दहाच्या खोलीत चार दिवसांनी अवघडल्यासारखे होते. मग उरतो परळचा फूटपाथ. औषध मिळते, पण रात्री पाठ टेकायला जागा नाही म्हणून उपचार अर्धवट सुटतो, आणि गरिबाच्या आजारातली ही अडचण डॉक्टरच्या कागदावर कुठेच उमटत नाही. धर्मशाळा नेमकी तिथे कामी येते.

हे ओळखणारा माणूस शाळेत गेलेला नव्हता. गाडगेबाबा म्हणजे डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परीट कुटुंबातला. वडील दारूपायी लवकर गेले. डेबू मामाकडे दापुऱ्यात गुरे राखत आणि शेती करत वाढला. १९०५ मध्ये घर सोडले तेव्हा बायको-मुले मागे होती, आणि चरित्रकारांनी कितीही गौरवाने लिहिले तरी त्याची किंमत पत्नी कुंताबाईंनीच मोजली, हे विसरून चालत नाही. अंगावर चिंध्यांचा झगा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि खायला-प्यायला मातीचे गाडगे. त्या गाडग्यावरूनच लोकांनी नाव पाडले.

बाबा गावात आले की आधी रस्ता झाडत. गटार उपसत. रात्री त्याच जागी कीर्तन. ते वऱ्हाडी बोलीत सवाल टाकत आणि गर्दीकडूनच जबाब काढून घेत: कर्ज काढून तेरावे घालणाऱ्याला शहाणा म्हणायचे की खुळा? नवसाला बकरे कापून कोणाचे भले झाले? पोराला शाळेत का घातले नाही? तुकोबांचे अभंग त्यांना तोंडपाठ होते. चमत्कार सांगणाऱ्याला मात्र ते सोडत नसत. पाया पडू देत नसत आणि आपला कोणी शिष्य नाही, असे बजावत. १९२३ मध्ये आपल्या कोकणातच, खारेपाटणला कीर्तन चालू असताना एकुलता मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली आणि त्यांनी कीर्तन पुरे केले, असे चरित्रांत आहे.

पंढरपूरला ते वर्षानुवर्षे गेले. विठ्ठलाच्या दर्शनाला मात्र देवळात जात नसत. चंद्रभागेचे वाळवंट झाडत, आंधळ्या-पांगळ्यांना जेवू घालत. म्हणून काही जण त्यांना नास्तिकांच्या पंक्तीला बसवतात. ते खरे नाही. रात्रभर देवाचे नाव गर्दीकडून घेववणारा माणूस नास्तिक कसा असेल? त्यांचा देव भुकेल्याच्या, उघड्याच्या, आजाऱ्याच्या रूपात समोर उभा होता, आणि त्याची पूजा म्हणजे अन्न, वस्त्र, औषध, निवारा. त्यांच्या दशसूत्रीत हीच यादी आहे. पंढरपुरात अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना उतरायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली. ज्या काळात महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी १९२७ चा सत्याग्रह करावा लागला, त्याच काळातली ही गोष्ट. पुढे ही धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

त्यांच्या कामाची खरी करामत पैशाच्या व्यवहारात आहे. वर्गणी कीर्तनातून आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून यायची, लाखांच्या इमारती उठायच्या, पण स्वतः बाबा त्या इमारतींत राहत नसत. विश्वस्त नेमून ते पुढच्या गावाला निघत. या संस्थांवर आपल्या घरच्यांचा काडीचा हक्क नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती. १९५२ मध्ये गाडगेबाबा मिशन स्थापन झाले आणि ही कामे त्याच्याकडे गेली. बाबा २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर वारले. त्याआधी महिना-दीड महिना, ८ नोव्हेंबरला, वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आहे. तिथे परदेशात बसूनही ते ऐकता येते.

महाराष्ट्र सरकारने २०००-०१ मध्ये त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढले. गावे झाडली गेली, बक्षिसे वाटली गेली, चांगलेच झाले. पण त्यामुळे बाबा म्हणजे खराटा, एवढेच नव्या पिढीला ठाऊक राहिले. खराट्यापेक्षा धर्मशाळेचे काम मोठे. रस्ता दुसऱ्या दिवशी पुन्हा घाण होतो. केमो घेऊन आलेल्या माणसाला मिळालेली महिनाभराची खोली वाया जात नाही.

अशा कामाला परदेशातून देणगी पाठवणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. पासपोर्ट भारतीय असेतोवर आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय देणगी धरले जात नाहीत. नागरिकत्व बदलल्यावर मात्र घेणाऱ्या संस्थेकडे परकीय देणगीच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असावी लागते. पैसे धाडण्याआधी संस्थेला तेवढे विचारून घ्यावे आणि पावती मागावी.

तुझा,
काका