हशा ऐकू येत नाही तेव्हा

रंगमंचावर विनोदी काम करणारा नट सगळ्यात आधी शिकतो ते हशासाठी थांबायला. प्रेक्षागृह हसलं की पुढचं वाक्य तोंडात धरून ठेवायचं आणि हशा उतरणीला लागला की सोडायचं. तो पुरता विरू द्यायचा नाही. स्टुडिओत ही विद्या कामाला येत नाही. समोर कॅमेरामन असतो आणि टेक चालू असताना त्याला हसायची मुभा नसते. वाक्य संपतं आणि नुसती शांतता पसरते. त्या शांततेनं नवखा नट धास्तावतो, आवाज चढवतो, भुवया उडवतो, वाक्याला पदरचं शेपूट जोडतो. मालिकांतून विनोदी कामं करता करता माझ्याकडे अशी मुलं नेहमी येतात. मी त्यांना सांगतो, आधी दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव बघा.

मुंबई दूरदर्शन १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं आणि त्याच दशकात 'चिमणराव गुंड्याभाऊ' ही मालिका आली. चित्र कृष्णधवल होतं. घरगुती विनोदी मालिका कशी करतात हे सांगणारं मराठीत आधीचं कुणी नव्हतं. बहुतेक मंडळी नाटकातून आलेली. शिवाय चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही चिं. वि. जोशींची माणसं वाचकांच्या घरातलीच होती. 'लग्न पहावं करून' या १९४० च्या चित्रपटात दामूअण्णा मालवणकरांचा चिमणराव लोकांनी पाहिला होता. एवढं ओझं घेऊन प्रभावळकर कॅमेऱ्यासमोर उभे राहिले.

खरी अडचण वेगळीच होती. पुस्तकात चिमणराव स्वतःच आपली फजिती सांगतो, तीही अगदी गंभीरपणे, आणि वाचकाला हसू येतं ते त्या गांभीर्याचं. पडद्यावर हा निवेदक मागे पडतो आणि उरतो फक्त चेहरा. प्रभावळकरांनी तो भाबडेपणा चेहऱ्यावर आणि आवाजात आणला. आपण विनोदी आहोत याचा त्यांच्या चिमणरावाला पत्ता नसतो. तो प्रश्न खरोखर ऐकतो, खरोखर विचारात पडतो, मग उत्तर देतो. लहानशा पडद्यावर, चार हातांवर बसलेल्या माणसाला हे ऐकणं दिसतं. नाट्यगृहात पंधराव्या रांगेतल्या माणसाला ते दिसलं नसतं.

याचा पडताळा मला एका साध्या प्रसंगात आला. पाहुणे आणखी आठवडाभर राहणार असं सून सांगते आणि सासऱ्यानं फक्त "बरं झालं" म्हणायचं. माझ्या हातात पोह्यांची बशी होती. तालमीत आम्ही ते वाक्य निरनिराळ्या तऱ्हांनी करून पाहिलं: उपरोधानं, दचकून, हसून. मग सुनेचं काम करणारी मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही माझ्याकडे बघूच नका. मिरची बाजूला काढा आणि मग बोला." मिरची काढून बशीच्या कडेला ठेवेपर्यंत ती माझ्याकडे बघत राहिली. हशा तिच्या बघण्यात होता, माझ्या वाक्यात नव्हता.

म्हणूनच चिमणरावाबद्दल बोलताना बाळ कर्व्यांना वगळताच येत नाही. त्यांचा गुंड्याभाऊ दणकट, दांडगा आणि मनानं सरळ. तो शेजारी उभा आहे म्हणून चिमणरावाचा भित्रेपणा उठून दिसतो. कर्व्यांनी नाटकं केली, चित्रपट केले, पण लोकांनी त्यांना गुंड्याभाऊ म्हणूनच हाक मारली, ती २०२५ मध्ये ते जाईपर्यंत. याला आमच्यात 'शिक्का बसला' म्हणतात आणि हळहळतात. मला ती हळहळ पटत नाही. इतकी वर्षं लोक एका माणसाला आपल्या घरातला समजत असतील तर ते काम मोठंच आहे. आज दर आठवड्याला रेटिंगच्या धाकात लिहिल्या जाणाऱ्या भूमिकांतून असं किती जणांच्या वाट्याला येतं?

प्रभावळकरांची वाट मात्र निराळी. 'चौकट राजा'मधला नंदू, 'झपाटलेला'मधला तात्या विंचू, 'हसवाफसवी'तली एकाहून एक वेगळी माणसं. त्यांनी चिमणरावाला आपल्यावर बसू दिलं नाही. आणि तरी २००१ मध्ये ते पुन्हा घरगुती मालिकेतच आले. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' त्यांच्याच 'अनुदिनी'वर बेतलेली. त्यांचे गंगाधर टिपरे, म्हणजे घरातले आबा, डायरी लिहितात, म्हणजे चिमणरावाच्या वेळी मागे पडलेला निवेदक इथे हक्कानं परत आला. आता आबांना सगळं दिसतं, घरातल्यांची फजिती आणि स्वतःचीही, आणि ते कुणालाही टोचत नाहीत. मूळ पुस्तक त्यांचं, नावाची भूमिका त्यांची, पण प्रसंगाचा हशा बरेचदा घरातल्या शेखरच्या, श्यामलाच्या नाहीतर शिऱ्याच्या पदरात पडतो आणि आबा तो पडू देतात. मालिकेचा मुख्य नट असूनही इतका हात सैल सोडणारी माणसं माझ्या पाहण्यात फार थोडी आहेत.