आता एक्सटेन्शन लागणार नाही

शनिवार, पहाटेचे पावणेपाच. झोप नाही. रात्री अकराला कॉफी प्यायलो होतो, तिच्यावर ढकलायला हरकत नाही. पण कॉफीचा एवढाही दोष नाहीये.

काल आमची गेम नाईट होती. महिन्याचा शेवटचा शुक्रवार, आम्ही पाच जण आणि कॅटान. नऊ वर्षं चालू आहे हे. मधल्या काळात लग्नं झाली, पोरं झाली, पाच जणांनी मिळून अकरा कंपन्या बदलल्या, शुक्रवार मात्र टिकला. (लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन खेळलो ते मी धरत नाही. समोरच्याचा पडलेला चेहरा दिसत नसेल तर त्याची मेंढी लुबाडण्यात काय मजा?)

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. षटकोनी तुकड्यांचं एक बेट असतं, तुकड्यांवर आकडे. दोन फासे टाकायचे, बेरीज येईल त्या तुकड्याचा माल मिळतो. लाकूड, विटा, लोकर, धान्य, खनिज. त्यातून रस्ते आणि वस्त्या बांधायच्या, आणि आपल्याकडे नसेल ते दुसऱ्याकडून घासाघीस करून मिळवायचं. खरा खेळ घासाघिशीचाच. हा ज्याने बनवला तो क्लाऊस टॉयबर जर्मनीत डेंटल टेक्निशियन होता, फावल्या वेळात घरी खेळ बनवायचा. 1995 साली कॅटान आला तरी पठ्ठ्याने लगेच नोकरी सोडली नाही. आम्हा वीकेंडवाल्यांचा आदर्शच म्हणायचा! 2023 च्या एप्रिलमध्ये तो गेला, तेव्हा आम्ही त्याच्या नावाने एक जादा डाव खेळलो होतो.

तर मुद्दा असा, की मूळ खेळ चौघांपर्यंतच आहे. पाचवा भिडू आला की एक्सटेन्शन वेगळं घ्यावं लागतं. आम्ही वर्गणी काढून घेतलं होतं. काल डाव संपल्यावर तुकडे गोळा करता करता आमच्यातला एक सहज म्हणाला, "चला, आता तुम्हाला हे एक्सटेन्शन लागणार नाही."

तो पुढच्या महिन्यात मेलबर्नला चाललाय. बायको, मुलगी, सगळं बिऱ्हाड घेऊन. दोन महिन्यांपासून माहीत होतं सगळ्यांना, पण पाचातून एक गेला की चार उरतात हा हिशोब तोपर्यंत कोणी केलाच नव्हता. कोणी काही बोललं नाही. मग एक जण म्हणाला, "अरे, पाऊस वाढतोय, निघू या," आणि सगळे चपला शोधायला लागले. स्टँड-अपला वीस मिनिटं बोलणारी माणसं ही! असो.

तर मला त्याच्यासाठी एक पेटी करायची आहे. गेली तीन वर्षं मी बाल्कनीत सुतारकाम करतो. रंधा, दोन पटाश्या, एक करवत, गुण्या, बास. आजोळचं घर पाडलं तेव्हा दाराच्या चौकटीचा एक सागवानी तुकडा मी आणला होता. तो त्याच्याच गाडीच्या टपावर बांधून आम्ही दोघांनी पुण्यात आणला. वखारीतून तीन सुती फळ्या चिरून घेतल्यात, वर्षभर पलंगाखाली पडून आहेत.

आता खरी गंमत. ऑस्ट्रेलियात उतरताना लाकडी वस्तू जाहीर करावी लागते, आणि कीड सापडली तर पेटी अडकलीच समजा. सागाचा आतला तपकिरी गाभा तेलकट असतो, त्याला किडे सहसा तोंड लावत नाहीत. बाहेरचा पांढरट भाग मात्र आवडीने खातात. माझ्या फळ्यांना एका कडेने ती पांढरी पट्टी आहे, आणि तिच्यात टाचणीएवढी चार भोकंही आहेत. पट्टी उडवली की चार इंचांची फळी तीनवर येते. एवढ्या उंचीत मूळ खेळ मावतो. एक्सटेन्शन नाही मावत.

मावायला नकोच आहे. मूळ संच त्याला द्यायचा असं मी रात्री दोन वाजता ठरवलंय. बाकीच्या तिघांना विचारलेलं नाही, पण कोणी नाही म्हणेल असं वाटत नाही. आम्ही नवा आणू, तो काय कुठेही मिळतो. ज्याच्या डब्यावर नऊ वर्षांचे चहाचे डाग आहेत तो मिळत नाही.

कोपऱ्यांना डव्हटेल करणार. ओढलं तरी सुटत नाही असा जोड, सामानात आदळआपट होणारच. तळाची फळी नुसती खाचेत बसवायची, फेव्हिकॉल नाही. इथे पावसाळ्यात लाकूड फुगलेलं आहे, तिकडच्या कोरड्या हवेत ते रुंदीत आखडणार. चिकटवलेली फळी अशा वेळी तडकते. सरकतं झाकण इथे जरा घट्टच ठेवतो, तिकडे आपोआप मोकळं होईल.

खालच्या काकूंची ताकीद आहे, "अरे, दहाच्या आत ठोकाठोक नको हं." म्हणजे तोपर्यंत गुण्या, पेन्सिल आणि आखणी. पटाशीला धारही लावायची आहे.

एकच अडचण उरते, वजन. बॅगेला तेवीस किलोची मर्यादा, आणि वहिनींनी आत्ताच एका बॅगेत दोन कुकर आणि पोळपाट भरलंय असं ऐकतो. म्हणजे तीन सुती फळ्या रंधून दोन सुतांवर आणाव्या लागणार. रविवार त्यातच जाईल बहुतेक.